आईच्या बाकाला ओव्हन

शनिवार, १ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यातच. उद्या कोणी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं, तर डोकं खाजवत बसायची वेळ नको.

काम: घरातल्या रॉकेट हीटरला ओव्हन जोडणे.

हीटर मीच बांधलेला आहे. माती हिनं तुडवली, विटा हिनं रचल्या, पण थिअरी माझी. लाकडं उभी घालायची. जाळ आडवा पळतो आणि विटांच्या उभ्या नळीतून वर झेपावतो. नळीवर लोखंडी पिंप पालथं घातलंय, ते तापतं. तिथून गरम धूर पाइपातून मातीच्या लांब बाकाच्या पोटात शिरतो, बाकाला ऊब देतो आणि निवून घराबाहेर पडतो. संध्याकाळी नीट पेटवलं की बाक सकाळपर्यंत गरम.

त्या बाकावर आई असते. बसणं तिथं, विणणं तिथं, झोपणं तिथं. थंडीत तिचे गुडघे धरतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दर हिवाळ्यात म्हणतो, आईला माझ्याकडे पाठव, माझ्या सगळ्या खोल्या गरम असतात. आणि दर हिवाळ्यात आई म्हणते, नको रे, मला इथला बाकच बरा. बाक आहे म्हणून आई माझ्याकडे आहे. हे मी चारचौघांत बोलत नाही, पण रोजनिशीत खोटं कशाला लिहू?

रविवार, २ नोव्हेंबर
काल मुख्य मुद्दा राहिला. ओव्हन का?

दादानं स्वयंपाकघर नवं केलं. फोटो पाठवला. भिंतीत बसवलेला, काचेच्या दाराचा ओव्हन, आत पिवळा दिवा. आईनं फोटो बराच वेळ पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. म्हणाली, ताजा पाव काय छान लागतो ना.

मी काय ते समजलो. दादाकडे ओव्हन आहे, बाक नाही. माझ्याकडे बाक आहे, ओव्हन नाही. माझ्याकडे दोन्ही झालं की विषय कायमचा मिटला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, दुकानात विजेचा छोटा ओव्हन मिळतो. म्हटलं, विकत काय, कोणीही घेईल. ही म्हणाली, तेच तर म्हणतेय.

हिला विज्ञानाची आवड नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
डिझाइन तयार. ऑफिसात काढलं. मी नकाशा विभागात आहे, त्यामुळे माझी रेघ सरळ असते. साहेबांना ते पाणीपुरवठ्याचं काम वाटलं आणि त्यांनी खाली सही केली. म्हणजे प्लॅन आता मंजूर आहे.

तत्त्व अगदी सोपं. पिंप आणि बाक यांच्या मधे लोखंडी पेटी बसवायची. गरम धूर आधी पेटीभोवती फिरेल, पाव भाजेल आणि मग तोच धूर पुढे बाकात जाईल. एका दगडात दोन पक्षी. आजवर जगात कोणाला हे सुचलं नाही याचं नवल वाटतं.

ही म्हणाली, पेटीनंच उष्णता खाल्ली तर बाकाला काय उरणार? समजावून सांगितलं, की उष्णता म्हणजे साखर नव्हे, एकानं खाल्ली की डबा रिकामा. ही माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
वेल्डरकडे नकाशा दिला. त्यानं तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, दार कुठल्या बाजूला? म्हटलं, नकाशात आहे तसंच करा. कारागिराला फार बोलू दिलं की तो सुधारणा सुचवतो.

संकल्प: पहिला पाव आईला. दुसरा दादाला, पार्सलनं. सोबत चिठ्ठी नाही. पाव काय ते बोलेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर
पेटी आली. भक्कम आहे. दार भिंतीकडे उघडतं.

वेल्डर म्हणाला, नकाशाप्रमाणेच केलंय. खरं आहे. नकाशा मी मागच्या बाजूनं पाहून काढला होता. दार चार बोटं उघडतं आणि भिंतीला टेकतं. सुरुवातीला जरा वाईट वाटलं. मग विचार केला, दार पूर्ण उघडलं की सगळी उष्णता भसकन बाहेर जाते. दादाच्या ओव्हनचं हेच होत असणार. आपला पाव चपटा करायचा. चपटा पाव पचायलाही हलका.

रविवार, १६ नोव्हेंबर
पाइप कापला, पेटी जोडली. त्यासाठी हीटर दिवसभर बंद. आई कोट घालून बाकावर बसली होती. टोपी, हातमोजे, सगळं. म्हटलं, आई, कुठे निघालीस? म्हणाली, कुठे नाही रे, सहज. या वयातही तिला नटायची हौस आहे याचं बरं वाटलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी
पेटवला!

थोडा धूर. म्हणजे पेटीच्या दारातून बऱ्यापैकी धूर. ही खिडक्या उघडत पळाली. प्रत्येक महान यंत्र पहिल्या दिवशी धूर सोडतं. दाराला सील हवं. कपाटात दादानं वाढदिवसाला दिलेला स्वेटर होता. तो उसवून लोकरीचा जाड पीळ केला आणि दाराच्या कडेला बसवला. धूर थांबला. मग लोकर जळायला लागली. वास घरात अजून आहे. ही म्हणाली, स्वेटर दादांनी किती प्रेमानं दिला होता. म्हटलं, म्हणूनच तर कामाला आला.

पाव: आत ठेवला तसाच बाहेर आला, फक्त राखाडी.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आता टेस्टिंग शिस्तीत. ओव्हन मी बघणार. बाक कोण बघणार? ही म्हणाली, थर्मामीटर आण. आकडा वेगळा आणि ऊब वेगळी, हे हिला कोण सांगणार? बाकाची निरीक्षक म्हणून आईची नेमणूक केली. तिच्याइतका बाकाचा अनुभव कोणालाच नाही.

निरीक्षण पहिलं. विचारलं, आई, बाक गरम आहे का? म्हणाली, आहे हो. विचारलं, पूर्वीइतका? म्हणाली, पूर्वीइतकाच, तू जेवून घे.

मी लिहून ठेवलं: फरक शून्य. थिअरी सिद्ध.

सोमवार, २४ नोव्हेंबर
पाव दुसरा. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. एकाच पावात दोन प्रकार म्हणता येतील. मधली बोटभर पट्टी मात्र खरोखर खाण्यासारखी होती. ती आईला दिली. आईनं बराच वेळ चावली. म्हणाली, वेगळीच चव आहे. मग पाणी मागितलं.

बाक: आईच्या मते उत्तम.

ऑफिसात सहकाऱ्यांना ओव्हनबद्दल सांगितलं. एकानं विचारलं, पाव कधी आणता? म्हटलं, लवकरच. काही जण हसले. नव्या गोष्टीला लोक हसतातच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
ओव्हन तापत का नाही, याचं कारण सापडलं. पेटीची उष्णता बाहेर उडून जाते. तिला मातीचं जाड आवरण हवं. कोरडी, मुरलेली माती या दिवसांत आणायची कुठून? मग लक्षात आलं, घरातच आहे. बाकाच्या पाठीमागची माती नाहीतरी कोणाच्या उपयोगाची नव्हती. घमेली भरून काढली, भिजवली, पेटीवर थापली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. ही बोलली नाही की समजावं, काम बरोबर चाललंय.

आई म्हणाली, घे हो, हवी तेवढी घे.

पाठीमागून जरा वारा येतो म्हणून आईनं तिथं उशा लावल्या. रंग छान आहेत उशांचे.

मंगळवार, २ डिसेंबर
बाहेर कडाक्याची थंडी. नळ गोठला होता.

आईला खोकला आहे. पिठाची धूळ असणार. यापुढे पीठ अंगणात मळायचं ठरवलं. अंगणात पीठ फुगत नाही. खोकल्यासाठी त्याग.

गॅस फार लागतोय असं दिसतं. ही सारखं पाणी गरम करत असते. सकाळी, दुपारी, झोपताना. विचारलं, एवढं गरम पाणी जातं कुठे? म्हणाली, लागतं. बायकांना गरम पाण्याचं वेडच असतं.

शनिवार, ६ डिसेंबर
शोध! तारीख ठळक करून ठेवतो.

आई हात धुवायला उठली तेव्हा मी स्वतः बाकाची तपासणी केली. दोन्ही टोकांना गार. अगदी खरं लिहायचं तर दगडासारखा गार. पण आईच्या बसायच्या जागी, गोधडीवरून हात फिरवला, तर चांगला गरम! आजूबाजूला गार आणि नेमकी माणसाच्या जागी ऊब. याचा अर्थ उष्णता आता फुकट पसरत नाही, जिथं गरज आहे तिथं गोळा होते. आधीचा बाक उधळ्या होता. याला मी फोकस परिणाम असं नाव दिलं आहे.

हिला बोलावून दाखवणार होतो. आई घाईघाईनं परत येऊन बसली. म्हणाली, राहू दे रे, तिला कामं आहेत.

पेटंट घ्यावं का?

सोमवार, ८ डिसेंबर
दादाचा फोन. थंडी फार आहे, आई कशी आहे? मी फोकस परिणामाबद्दल सविस्तर सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आईला फोन दे. आई त्याला म्हणाली, मी मजेत आहे. मग खोकली. मग म्हणाली, हा खोकला नाही, हसतेय.

दादा रविवारी येतोय. येऊ दे. आता पाव झालाच पाहिजे.

बुधवार, १० डिसेंबर
रात्रीतून (म्हणजे ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत) सुचलेली कल्पना. पाइपात झडप! एका दिशेला फिरवली की सगळी उष्णता ओव्हनला, दुसऱ्या दिशेला फिरवली की सगळी बाकाला. वाद नाही, भांडण नाही. वेल्डरनं झडप आणि दांडा करून दिला. मी बसवला. कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना रंगानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. डावीकडे ‘पाव’. उजवीकडे ‘आई’.

हिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाली, एकदा मोठ्यानं वाचून बघा. वाचलं. अक्षर उत्तम आलंय.

गुरुवार, ११ डिसेंबर
दांडा डावीकडे फिरवला. ओव्हन तापला! पहिल्यांदाच हात लावता येईना. डोळ्यांत पाणी आलं, धुरानंही आलं.

मग दांडा उजवीकडे फिरेना. लोखंड तापून फुगलं असावं. हातोडी मारली. दांडा वाकला. आता तो ‘पाव’कडे कायमचा आहे.

आईला परिस्थिती सांगितली. म्हणाली, असू दे, आधी पावाचं बघ. तिच्यासारखी समंजस बाई मिळणं कठीण.

शनिवार, १३ डिसेंबर
पाव तिसरा. झाला! फुगला, तांबूस झाला, वास घरभर. आणि तो दारातून बाहेर येईना. आत जाताना चपटा होता, आत फुगला. दार चार बोटं. शेवटी आतल्या आत सुरीनं कापून तुकडे काढावे लागले. तुकड्यांना धूर, लोकर आणि किंचित रंगाची चव. पण पाव तो पाव. उद्या दादासमोर टोपलीत मांडणार. वर फडकं टाकलं की तुकडे दिसत नाहीत.

संकल्प: दादाशी नम्रपणे वागायचं. जिंकणाऱ्याला नम्रपणा शोभतो.

रविवार, १४ डिसेंबर, दुपारी
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दादा आला. घरात कोट काढला आणि परत घातला. मी म्हटलं, दादा, ओव्हन बघ. तो म्हणाला, आधी आईला बघतो. आई उठून उभी राहिली, तू बस, तू बस, म्हणाली. पण तिच्या जागेवर नको, तिकडे टोकाला बस, असंही म्हणाली. मीच म्हटलं, नाही दादा, आईच्याच जागी बस, तिथं फोकस परिणाम आहे. आई म्हणाली, नको रे. मी म्हटलं, बस तर खरा. दादा अंगानं भरलेला आहे. तो धपकन बसला.

फट् असा आवाज झाला. दादा किंचाळून उडाला. पँटमधून वाफ निघत होती.

मी ओरडलो, बघ, बाक किती गरम आहे!

मग बाकावरून पाणी वाहायला लागलं. गोधडीखालून गरम पाण्याची रबरी पिशवी निघाली, फाटलेली. उशांमागून दुसरी निघाली, पायांच्या जागेतून तिसरी. ही त्या गोळा करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. आई म्हणाली, हिचा काही दोष नाही, मीच म्हटलं होतं त्याला सांगू नकोस, एवढा राबतोय.

दादानं बाकावर हात ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मग मीही ओरडलो असतो. त्यानं दांडा पाहिला. ‘पाव’ वाचलं, ‘आई’ वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, आई, कपडे भर.

या वेळी आई नको म्हणाली नाही.

निघताना तिनं माझ्या गालाला हात लावला. हात बर्फासारखा होता. इतक्या दिवसांत मी बाकाला हात लावून पाहिला होता, तिच्या हाताला एकदाही लावला नव्हता. म्हणाली, पाव छान झाला की कळव. टोपली तशीच राहिली.

मंगळवार, १६ डिसेंबर
आई थोड्या दिवसांसाठी गेली आहे. हवापालट. डॉक्टरही हेच सांगतात.

ही दोन दिवस बोलत नाही. आज एवढंच म्हणाली, की तेल गेलं, तूप गेलं, आणि पुढचं म्हणायचंही टाळलं.

गुरुवार, १८ डिसेंबर
हवापालट नाही. नेली आहे.

शनिवार, २० डिसेंबर
ओव्हन काढला. एकट्याला निघेना. हिनं पलीकडून धरला. पाइप पूर्वीसारखा जोडला. पेटीवरची माती सोलून परत बाकाच्या पाठीत भरली. ती तुडवायला ही उतरली, मीही उतरलो. माती तुडवणं हे थिअरीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही म्हणाली, सांगितलं होतं.

थर्मामीटर आणला.

मंगळवार, २३ डिसेंबर
बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गरम. थर्मामीटरनं पाहिलं, हातानं पाहिलं, हिच्या हातानंही पाहिलं. आईला फोन केला. म्हटलं, बाक पूर्वीसारखा झालाय, मी घ्यायला येतो. आई म्हणाली, अरे वा, छान झालं. येते असं म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. खोकली मात्र एकदाही नाही.

दादा रविवारी येतोय. आईला घेऊनच येणार. त्याशिवाय तो कशाला येईल? हिनं विचारलं, तसं म्हणाले का ते? म्हटलं, काही गोष्टी बोलायच्या नसतात. बाकावर धुतलेली गोधडी घातली. रविवारी दुपारपासूनच पेटवणार.

रविवार, २८ डिसेंबर
दादा आला. एकटाच.

मी गाडीपर्यंत जाऊन मागच्या सीटवर पाहून आलो.

दादानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाव काढला. उंच, गोल, अखंड. म्हणाला, आईनं केलाय. रोज करते, शेजारीपाजारीही नेतात. लग्नाआधी ती मामांच्या बेकरीत भट्टी सांभाळायची, तुला माहीत नाही? मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलं होतं ते फक्त बाकाबद्दल.

विचारलं, परत कधी येणार म्हणाली? दादानं आधी बूट काढले, मोजे सारखे केले. मग म्हणाला, तिला सध्या तिकडेच बरं वाटतंय. तिकडे तिला गार लागलं की गार लागतंय असं सांगता येतं.

मी सुरी आणायला उठलो.

पाव कापला. दादानं विचारलं, कसा झालाय? चांगला झालाय म्हणालो. खूपच चांगला झाला होता. हिनं दोन तुकडे खाल्ले, मी तीन. दादा बाकावर टेकला होता, बोलता बोलता आडवा झाला आणि घोरायला लागला. एवढा लांबून गाडी चालवत आलेला माणूस. ही त्याच्या अंगावर गोधडी घालून गेली.

जाळ मंदावला होता. मी उठून दोन लाकडं घातली. दादाला गार लागायला नको.